पडवीतली पाचवी

पुढे मी मास्तरीण झाले आणि जन्मभर शाळेच्या तपासण्या सोसल्या. इमारत कशी आहे, वर्ग किती, एका वर्गात मुलं किती, त्यांत मुली किती, बोर्डाकडून येतं काय आणि गाव घालतं काय, हे प्रश्न मी इतक्यांदा ऐकलेत की झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तरं देईन. पण ज्या शाळेत मी स्वतः शिकले तिथे आणखी एक प्रश्न होता आणि तो कुणी विचारत नसे. आत किती आणि बाहेर किती?

आमचं गाव पोलादपूरहून उमरठला जाणाऱ्या वाटेवरचं. उतारावर नाचणी-वरी, खाली भाताची खाचरं, आणि निम्म्या घरांतला एकेक पुरुष मुंबईला गिरणीत. शाळा ग्रामदेवीच्या धर्मशाळेत भरायची. सातवीपर्यंतची शाळा त्या अंगाला तेवढी एकच होती आणि गावाला तिचा भारी तोरा. पाहुणा आला की त्याला देवळाच्याही आधी शाळा दाखवत. दाखवण्यासारखं काय होतं म्हणाल, तर एक लांबलचक खोली, तीन मास्तर, एक फळा आणि हिंदुस्थानचा एक नकाशा. त्या नकाशातला सिंध प्रांत उंदरांनी खाल्ला होता. मास्तरांचे पगार जिल्ह्याचं लोकल बोर्ड देई, कौलं आणि सारवण गावाने बघायचं. म्हणजे पगार उशिरा यायचा आणि कौलं गळायची.

तीन मास्तरांत सात इयत्ता वाटलेल्या. दाराशी पहिली-दुसरी, मधे तिसरी-चौथी आणि पार मागच्या भिंतीला मोठ्या मास्तरांच्या वरच्या तीन इयत्ता. मधे ना भिंत ना पडदा. इकडे पाढे, तिकडे कविता आणि पलीकडे नद्यांची नावं असा सगळा एकच कालवा चाले. मुलं बहुतेक कुणब्या-मराठ्यांची, एक वाण्याचा मुलगा, महाडहून येऊन दुकान टाकलेल्या मुसलमान व्यापाऱ्याची दोन, आणि खोतांचा नातू. हे सगळे आत. आम्ही महारवाड्यातली पोरं मागच्या पडवीत. धर्मशाळेत देवीचा नैवेद्य शिजतो, म्हणून आम्हांला आत मज्जाव. पडवीत एरवी जत्रेकरूंचे बैल बांधत, त्यांना मात्र कुणाची ना नव्हती.

उन्हाळ्यात पडवी बरी वाटायची, आतली पोरं घामाने निथळत आणि आम्ही वाऱ्यावर. हे मी मुद्दाम सांगते, कारण खरं ते खरं. पण राग यायचा, आणि तो वाऱ्याने जात नसे.

पडवीकडे उघडणारी लाकडी गजांची एक खिडकी होती. ती नेमकी मोठ्या मास्तरांच्या पाठीशी यायची. आमच्या इयत्तांचे मास्तर दिवसातून एकदा वळसा घालून येत, लांबूनच पाट्या बघत, धडा सांगत आणि जात. बाकीचा सगळा दिवस आम्ही त्या खिडकीच्या हवाली. त्यामुळे पोर पहिलीतलं असो की चौथीतलं, त्याच्या कानावर पडायचं ते पाचवी, सहावी आणि सातवीचं. माझा धाकटा भाऊ दुसरीत होता. दुसरीची कविता त्याला कधीच धड आली नाही, पण पंजाबच्या पाच नद्या तो जेवताना म्हणायचा आणि आई म्हणायची, "आधी घास गिळ रे, मंग न्हा नद्यांत."

त्या वर्षी मी चौथीत होते आणि मला पाचवी हवी होती. पुढे शिकून काय करणार, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. खिडकीतून ऐकलेलं एकदा तरी माझ्यासाठी म्हणून सांगितलेलं ऐकायचं होतं, एवढंच. बाची ना नव्हती. तो पहिल्या महायुद्धात पलटणीत होता, तिथेच वाचायला-लिहायला शिकला होता. पलटण मोडल्यावर घरी आला आणि आता सडकेच्या खडीवर मुकादम होता. "गावात शाळा हाय तवर शिक," असं तो म्हणे. गावात नसली तर मात्र संपलंच. महाड चौदा-पंधरा मैल, तिथे आमचं कुणी नाही, आणि तळ्याच्या पाण्यावरून महाडात जे रण माजलं होतं ते अजून निवलं नव्हतं. अकरा वर्षांची पोर एकटी तिथे कोण ठेवणार?

आणि त्याच वर्षी बातमी आली की वरच्या इयत्ता जाणार. भाताचे भाव पार कोसळले होते, सारा वसूल होत नव्हता आणि बोर्डाच्या तिजोरीत खडखडाट होता. ज्या शाळेत पोरं कमी तिथला मास्तर काढायचा, असं ठरलं होतं. आमच्या शाळेचा तिसरा मास्तर गेला की उरलेल्या दोघांना पहिली ते चौथीच पुरे. आता तपासणीला नवे दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार होते. जुने दिपोटी हजेरीपट बघून, खोतांकडे जेवून, झोप काढून जायचे. नव्यांनी मात्र आधीच कळवलं होतं, की पटावरच्या नावांवर माझा विश्वास नाही. वर्गात मास्तरांपुढे बसलेली जितकी मुलं दिसतील तितकीच मी धरीन.

पटावर आमची नावं होती. मास्तरांपुढे आम्ही नव्हतो. आम्हांला वगळलं की आकडा खाली येई, आणि आम्हांला धरायचं तर आत घ्यायला हवं.

माघ संपत आला असताना एका संध्याकाळी मोठे मास्तर आमच्या वाडीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. याआधी ते कधी तिथवर आले नव्हते. माणूस तसा वाईट नव्हता, भित्रा होता. बोर्डाला भ्यायचा, खोतांना भ्यायचा आणि बायकोला तर फारच. बाने पलटणीतला कडक सलाम ठोकला. तो कुणालाच जोहार घालत नसे, आणि त्यावरून गावात त्याच्या नावाने बोटं मोडत.

"अहो, जरा काम होतं," मास्तर म्हणाले.

बाला त्यांनी 'अहो' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण मला ठाऊक होती, पण तिच्यात बाच्या वाट्याला काय येतं तेही कळत होतं, म्हणून मी गप्प राहिले.

मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं. "तपासणीच्या दिवसापुरती तुमची मुलं आत बसू देत. गावकीने कबूल केलंय. गुरवही तयार आहे. नंतर काय ते गोमूत्र शिंपडून घेतील."

"किती दिस आत?" बाने विचारलं.

"एकच दिवस."

"आन दुसऱ्या दिशी?"

मास्तरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "दुसऱ्या दिवशी आहे तसंच. माझ्या हातात काय आहे?"

"तर मंग नाय, मास्तर. पोरं उसनी द्यायाची नायत. तांदूळ मागा, देतो."

आमच्या घरचे तांदूळ मास्तरांना चालणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. मास्तर काहीतरी पुटपुटले आणि गेले.

मी बावर अशी चिडले की काही विचारू नका. आकडा भरला नाही तर मास्तर जाणार, मास्तर गेले तर पाचवी जाणार, आणि ती माझी होती, बाची नव्हती. मी रडून-ओरडून त्याला म्हटलं, की एक दिवस आत बसले तर माझं काय झिजणार आहे? शिंपडू देत काय शिंपडायचं ते.

बा चिडला नाही. खडी फोडून फोडून त्याच्या बोटांना चिरा पडलेल्या असत, त्यांत तो करंजाचं तेल भरत बसला होता. "गो, येक दिस आत बसलीस तर दुसऱ्या दिशी भायेर कशी बसशील?" तो म्हणाला. "त्यांना जमंल. तुलाच जमायाचं नाय."

"मला जमेल," मी म्हटलं.

"नाय जमायाचं. मी वळखतो तुला."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. आई मधल्यामधे निरोप्याचं काम करायची आणि दोघांनाही शिव्या घालायची. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने मला आत पाठवलं असतं, असं मला तेव्हा वाटे. आता तितकी खात्री नाही.

इकडे गावकी रोज बसू लागली. गावाचा तोरा जात होता आणि खोतांचा नातूही पाचवीत जायचा होता. त्याला महाडला ठेवायचं म्हणजे त्याच्यामागे एक बाई स्वयंपाकाला धाडावी लागणार. कुणी म्हणालं, शेजारच्या गावची पोरं आणून बसवू. मास्तरांनी हात जोडले, कारण दिपोटी दुसऱ्याच दिवशी त्या गावाला जायचे होते आणि पोरांची तोंडं त्यांच्या ध्यानात राहिली असती. कुणी म्हणालं, महारवाड्याचं पाणी-लाकूड तोडू, म्हणजे येतील सुतासारखे सरळ. त्यावर खोत म्हणाले म्हणे, "पोरं यायला पायजेत, पळायला नकोत." मग पुष्कळ डोकेफोड झाली आणि शेवटी खोतांनीच तोड काढली. आम्हांला धर्मशाळेत घेता येत नाही ना? मग शाळाच धर्मशाळेतून बाहेर काढा. खोतांकडे वैशाखात लग्न होतं, त्यासाठी वासे-बांबू आणून ठेवलेले होते. देवळासमोरच्या मोकळ्या खाचरात त्यांचा मांडव घालावा आणि सगळ्या इयत्ता तिथे भरवाव्या. देव देवाच्या जागी राहील आणि विटाळाचा प्रश्नच यायचा नाही.

आम्हांला आत घ्यायला नको म्हणून गावाने शाळाच उचलून बाहेर आणली! हे असलं डोकं आमच्याच गावात चालावं.

मास्तर पुन्हा वाडीच्या तोंडाशी आले. बाने एवढंच विचारलं, की मांडव किती दिवस राहील. मास्तर म्हणाले, मेच्या सुटीपर्यंत. रोज? रोज. आणि पोरं बसणार कशी? मास्तर आवाज उतरवून म्हणाले, "इयत्तेप्रमाणे." बाने मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "परकर धुवून ठेव." भांडणानंतर तो माझ्याशी थेट बोलला ते हे पहिलं वाक्य, आणि मी लगेच उठले.

मांडवात आम्ही इयत्तेप्रमाणे बसलो. म्हणजे ओळी इयत्तेच्या, पण प्रत्येक ओळीत गावची पोरं एका टोकाला आणि आम्ही दुसऱ्या टोकाला, मधे हातभर जागा. तेवढं राहिलंच. वर जांभळीच्या डहाळ्या टाकलेल्या होत्या, त्यांची पानं वाळून पाट्यांवर गळायची. फळा मला पहिल्यांदा सरळ समोरून दिसला. खिडकीतून तो तिरपा दिसायचा, त्यामुळे उजवीकडची अक्षरं मला नेहमी चपटी वाटत आली होती.

दिपोटी बैलगाडीतून आले. लांब कोट, डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. त्यांनी मांडवाभोवती एक फेरी मारली, काठीने ओळी मोजल्या आणि खुर्चीवर बसले. मोठ्या मास्तरांचे ओठ हलत होते. बहुधा रामरक्षा चालली असावी.

आकडा भरला. पण दिपोटींचं समाधान झालं नाही. ते म्हणाले, वरच्या तीन इयत्तांत मुलं फार थोडी आहेत, एवढ्यांसाठी एक मास्तर ठेवणं बोर्डाला परवडायचं नाही. मग त्यांनी त्या थोड्यांची तरी तयारी बघू म्हणून नकाशा मागवला आणि विचारलं, "सिंधू नदी समुद्राला कुठे मिळते?"

सातवीची मुलं उठली आणि नकाशाकडे बघू लागली. सिंधू नदी नीट खाली येत होती आणि उंदरांनी पाडलेल्या भोकात शिरत होती. पोरं भोकाकडे बघत उभी राहिली. इतकी वर्षं ती तो नकाशा बघत आली होती, त्यांच्या लेखी नदी तिथेच संपायची. सहावीलाही तेच विचारलं, तिथेही तीच गत.

नकाशा आत खिडकीच्याच भिंतीला टांगलेला असे, त्यामुळे आम्ही तो कधी पाहिलाच नव्हता. आमच्यापाशी होतं ते फक्त ऐकलेलं. दुसरीच्या ओळीतून माझा भाऊ न विचारता ओरडला, "कराचीपाशी, अरबी समुद्राला!"

मास्तरांनी डोळे मिटले. दिपोटींनी वळून विचारलं, "कितवीत आहेस?"

"दुसरीत."

"मग दुसरीची कविता म्हण."

भावाला दोन ओळी आल्या आणि पुढे तो गप्प झाला. दिपोटींनी त्याला खाली बसवलं आणि आमच्यातल्या एकेकाला उभं केलं. मला व्याजाचं तोंडी गणित घातलं. मी ते सोडवलं. उत्तर बरोबर आलं. तिसरीतल्या एकाने सातवीची कविता घडाघडा म्हटली, पण अर्थ विचारल्यावर तो आभाळाकडे बघू लागला. "पाठ आहे, समजलेलं नाही," असं म्हणून दिपोटी पुढच्याकडे वळले. चौथीतल्या आम्हां सगळ्यांना आणि तिसरीतल्या दुसऱ्या दोघांना मात्र पाचवीचं बरंच येत होतं, आणि चौथीतलं त्या मानाने कमी.

"हा काय प्रकार आहे, मास्तर?" त्यांनी विचारलं.

मास्तरांना सांगावंच लागलं. पडवी, खिडकी, सगळं. दिपोटींनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हाही काही दिसलं नाही, फक्त ते उठून मागे गेले आणि पडवीत उभे राहून त्या खिडकीतून आत बघून आले. मग म्हणाले, "चौथीची ही मुलं जूनपासून पाचवीत घाला. तिसरीतल्या या दोघांनाही. वरच्या इयत्तांचा आकडा होतो. एक वर्ष मास्तर ठेवतो, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. मी केव्हाही येईन, सांगून येणार नाही." आणि माझ्या भावाकडे बोट दाखवून, "याला दुसरीतच राहू द्या. याला दुसरी येत नाही."

भाऊ रडला. मी हसत होते, काही केल्या हसू आवरेना. घरी जाऊन बाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं झालं," आणि त्याने चुलीत लाकूड सारलं.

मेपर्यंत मांडव होता. मग वासे लग्नाला गेले आणि जूनमध्ये शाळा पुन्हा धर्मशाळेत भरली. गाव गुपचूप आपापल्या जागी बसलं. आमच्या पोरांनीही पडवीत गोणपाटं अंथरली.

मला बसता येईना. खरंच सांगते, मी काही ठरवून गेले नव्हते. गोणपाट अंथरलं, त्याच्यावर उभी राहिले आणि गुडघे वाकेनात. पहिला दिवस उभी राहिले, दुसराही. बा म्हणाला होता तेच झालं होतं आणि मला त्याचा पुन्हा राग आला, कारण त्याने मला माझ्याहून आधी ओळखलं होतं.

तिसऱ्या दिवशी मोठ्या मास्तरांना खिडकीतून माझं डोकं दिसलं. "बस ना गं खाली. उभी का?"

"मास्तर, पाचवी कुठे भरते?" मी विचारलं.

मला उद्धटपणा करायचा नव्हता, मला विचारायचंच होतं. मास्तरांनी मागे वळून आपल्या वर्गाकडे पाहिलं. पाचवीची म्हणून आत खोतांचा नातू आणि वाण्याचा मुलगा एवढे दोघेच होते. बाकी अख्खी पाचवी पडवीत होती. दिपोटी न सांगता आले असते तर त्यांना मास्तरांपुढे दोन पोरं दिसली असती. मास्तर घाबरलेले मला स्पष्ट दिसले. त्यांनी धोतराचा सोगा खोचला, भिंतीवरून फळा काढला आणि वळसा घालून पडवीत आले. भीतीपोटी का होईना, आले. मग खिडकीतूनच सहावी-सातवीला वाचन नेमून दिलं आणि आतल्या त्या दोघांना हाक मारली, "पाचवी बाहेर या."

वाण्याचा मुलगा निमूट आला आणि खांबाशी बसला. खोतांचा नातू आपला पाट घेऊन आला, आमच्यापासून होईल तितक्या लांब, पडवीच्या अगदी कडेला टाकून बसला. मीही बसले. गुडघे आपोआप वाकले.

बाहेर पाऊस लागून राहिला होता. मास्तर फळ्यावर त्रैराशिक मांडत होते, तोच नातू कुरकुरला, "मास्तर, माझ्या अंगावर पागोळ्या पडतात."

"मग सरक इकडे."

तो जागचा हलला नाही. त्याने मधल्या हातभर जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मास्तरांकडे. त्याची पाठ भिजून सदरा अंगाला चिकटला होता.

"सरक म्हणतो ना. पाटी भिजते आहे."

तो सरकला. त्याचा पाट माझ्या गोणपाटाला येऊन भिडला आणि आम्ही दोघंही खाली मान घालून त्रैराशिक उतरवून घेऊ लागलो.